अव्वाचं बेकन

सोलापुरात राहून खाण्यावर लिहिणं म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं. शेंगाचटणी, कडक भाकरी, हुरडा, सगळं शहरानं करून ठेवलेलं. आपण फक्त खायचं आणि खाली नाव टाकायचं. मी शाळेत मराठी शिकवतो आणि दर रविवारी इथल्या एका दैनिकाच्या पुरवणीत हा उद्योग करतो. चार वर्षं बरं चाललं होतं. मग गेल्या उन्हाळ्यात संपादकांचा फोन आला.

"सर, भाकरी पुरे झाली. सात रस्त्याला नवीन बर्गरवाला आलाय. त्यांचा तो प्रीमियम बेकन बर्गर आहे, तो खाऊन लिहा. तरुण वाचक पाहिजेत आपल्याला."

मी हो म्हणून बसलो आणि मग विचारात पडलो. बेकन म्हणजे मिठात मुरवून धुरावलेलं डुकराचं मांस, एवढं मला माहीत होतं. आमचं घर लिंगायत. आमच्या उंबऱ्याच्या आत अजून अंडंसुद्धा आलेलं नाही. मी कॉलेजला कोल्हापुरात हॉस्टेलवर होतो आणि तिथं तांबड्या-पांढऱ्या रश्शाचं शिक्षण अभ्यासापेक्षा जास्त मन लावून घेतलं होतं. पण ते कोल्हापुरात. सोलापूरचा एसटी स्टँड आला की मी पुन्हा शाकाहारी व्हायचो. हे बायकोला ठाऊक आहे. आईला ठाऊक नाही, अशी माझी पंचवीस-तीस वर्षांची समजूत होती.

आईला आम्ही अव्वा म्हणतो आणि वडिलांना अप्पा म्हणायचो. म्हणायचो, कारण अप्पांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत अव्वाचं जेवण चतकोर भाकरीवर आलं होतं. साडीच्या निऱ्या दोन जास्त पडायला लागल्या. एकदा देवघरातून उठताना तिला चक्कर आली, तेव्हा आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेतलं.

"रिपोर्ट चांगले आहेत. आजार काही नाही. पण वजन असंच उतरत गेलं तर महिन्याभरात ॲडमिट करून नळीनं अन्न द्यावं लागेल. पथ्यबिथ्य काही नाही. मागतील ते द्या."

मागतील ते द्या. अव्वा काही मागतच नव्हती, तिथंच तर घोडं पेंड खात होतं. माझी बायको साताऱ्याची. तिनं बिचारीनं धपाटे केले, शेंगापोळ्या केल्या, गल्लीतल्या बायकांना विचारून विचारून हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, केली. "अव्वा, देऊ का थोडी?" "नको ग." "अव्वा, हवं का काही?" "नको रे." अगदी शांतपणे, आमचं मन दुखू नये अशा बेतानं. मी चिडायचो. मास्तर माणूस, चिडणं हाच माझा काळजी करायचा मार्ग आहे. "मग खाणार तरी काय?" असं एकदा मी ओरडलोसुद्धा. त्यावरही ती नको म्हणाली.

अप्पा असताना असं नव्हतं. अप्पा कापडाच्या दुकानात नोकरीला होते. संध्याकाळी घरी यायचे ते हात पाठीमागं लपवून. दारातूनच विचारायचे, "बेकेन?" कानडीत बेकेन म्हणजे पाहिजे का. अव्वा आतून विचारायची, "एन?" म्हणजे काय आहे? त्यावर अप्पा म्हणायचे, "मोदल हेळ." आधी सांग. काय आणलंय ते दाखवायचं नाही, आधी तिनं सांगायचं, पाहिजे की नको. आणि अव्वा दर वेळी म्हणायची, "बेकु." पाहिजे. मग पाठीमागून कधी पेढ्याचा पुडा निघायचा, कधी गजरा, कधी उंदराचा पिंजरा. पिंजरा निघाला त्या दिवशी ती दोन तास बोलली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा "बेकु" होतंच.

हा खेळ त्या दोघांचाच होता, कारण कानडी त्या दोघांचीच होती. शाळेत पोरं हसतील म्हणून अप्पांनी आम्हा भावंडांशी पहिल्यापासून मराठीच लावून धरली होती. अव्वाही आमच्याशी मराठीच बोलायची. त्यामुळे मी मराठीचा मास्तर झालो, आणि कानडी मला समजते पण बोलायला गेलो की जीभ अडखळते. अव्वाची बहीण अक्कलकोटकडे असते, तिच्याशी फोनवर कानडीत बोलणं व्हायचं. पण ते कोण आजारी, कुणाचं लग्न, एवढ्यापुरतं.

ज्या दिवशी बर्गर खायला जायचं ठरलं होतं, नेमकी त्याच दिवशी बायको माहेरी गेली होती. चक्कर आल्यापासून अव्वाला एकटीला ठेवत नव्हतो. मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर, एसीत बसशील. ती नको म्हणाली नाही, पण व्हयही म्हणाली नाही. चप्पल घालून रिक्षात येऊन बसली. गळ्यात लिंगाचा चांदीचा करंडा, हातात नेहमीची कापडी पिशवी.

आमचा फोटोग्राफर दुकानाच्या दारात थांबला होता. हा माझा जुना दोस्त, दर रविवारी माझ्या लेखाला फोटो याचेच असतात. मुसलमान आहे, त्यामुळे बेकनचा फोटो काढायला त्याला पाठवणं ही संपादकांची आणखी एक हुशारी होती. मी त्याला तसं म्हटलं तर तो हसला. "सर, मेरे कू खाने को किसने बोला? कॅमेऱ्याला सगळं हलाल आहे."

आत लिंबाच्या वासाची गार हवा होती. अव्वानं पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला आणि लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे बघत राहिली. काउंटरवर विशीतली एक मुलगी उभी होती, टोपी, कानाला माइक, नव्या नोकरीची तारांबळ. मी तिला म्हटलं, "एक तो प्रीमियम बेकन बर्गर. आणि हिला काय पाहिजे ते हिलाच विचारा." आणि तेवढ्यात माझी नजर भिंतीवरच्या फळ्यावर गेली. तिथं ‘क्रिस्पी’ दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलं होतं, आणि ‘स्वादिष्ट’मधला ष शहामृगाचा श झाला होता. असलं काही दिसलं की मला राहवत नाही. मी मॅनेजरला गाठला. फोटोग्राफर म्हणतो, मी चांगली पाच मिनिटं त्याला षटकोनाचा ष समजावत होतो.

समजावून टेबलाशी आलो तर अव्वा दोन्ही हातांनी बर्गर धरून बसली होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते; पहिल्या घासाआधी ती शिवाचं नाव घेते. पावाच्या कडेनं तपकिरी, कुरळ्या पट्ट्या लोंबत होत्या. माझ्या ताटातल्या बर्गरमध्ये होत्या त्याच. तिनं डोळे उघडले आणि बर्गर तोंडाशी नेला.

मी तो तिच्या हातातून हिसकावून घेतला. अक्षरशः हिसकावला. "डुक्कर आहे त्यात, अव्वा," मी म्हणालो, आणि वर्गात बोलायची सवय असल्यानं ते सगळ्या दुकानाला ऐकू गेलं.

अव्वाचे हात तसेच हवेत राहिले. मग तिनं ते मांडीवर ठेवले, पदराला पुसले, करंड्याला एकदा हात लावला. "ब्याड," ती म्हणाली. कानडीतलं नको. "चल घरला."

काउंटरवरची मुलगी धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. "सर, मी आजींना विचारलं होतं. आमच्या स्क्रीनवर सगळ्यात वर बेकनच आहे, म्हणून पहिलं तेच विचारलं. म्हटलं, आजी, बेकन? तर त्या हसल्या आणि बेकू म्हणाल्या. मला वाटलं, आजींच्या तोंडी तसंच येत असेल."

"काय म्हणाली ती?"

"बेकू. दोनदा म्हणाल्या."

मी खुर्चीत बसलो. हातात तो हिसकावलेला बर्गर तसाच होता.

"मला वाटलं, पोरगी कानडी हाय," अव्वा टेबलाकडे बघत म्हणाली. "किती मायेनं इचारलं. बेकेन म्हनून."

"अगं पण काय देतीय ते तरी बघायचं की आधी."

"आधी बघून मग बेकु म्हनायचं आसतं व्हय?" अव्वा म्हणाली.

आठ महिने आम्ही नवराबायको तिच्या मागे ताट घेऊन फिरत होतो. देऊ का, हवं का, खाशील का. जितके मराठी प्रश्न असतात तितके विचारून झाले होते, आणि ती बिचारी मराठी प्रश्नाला मराठीत उत्तर देत होती. तिला पाहिजे म्हणायची सवय ज्या एका शब्दाला होती, तो शब्द अप्पांबरोबर घरातून गेला होता. एवढी भाषा शिकवतो मी, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो शब्द एका परक्या मुलीच्या तोंडून चुकून आला, अव्वानं लगेच हात पुढे केले, आणि मी ते हातातलं काढून घेतलं. मला माझी इतकी लाज वाटली की फळ्यावरचा तो शहामृगाचा श निदान तेवढा वेळ तरी दिसेनासा झाला.

वातावरण सावरलं ते फोटोग्राफरनं. त्यानं मुलीला विचारलं, "कानडी नहीं, तो तुम कौन?"

"आम्ही तेलुगू," मुलगी म्हणाली. "पूर्व भागातले. घरी टॉवेलचे माग आहेत. आमच्यात पाहिजे का म्हणायला ‘कावाला’ म्हणतात."

"आमच्यात ‘होना क्या’," फोटोग्राफर म्हणाला. "आणि नको असलं तर ‘नक्को’. हे तर अम्मांच्या मुलाला रोज ऐकवतो मी."

अव्वानं मान वर केली. "कावाला," तिनं म्हणून बघितलं. मग मुलीला जवळ बोलावलं. "मग बाई, तुज्याकडं बिनमटनाचं काय हाय?"

बटाट्याची टिक्की घातलेला एक बर्गर होता. पण अव्वाची चौकशी एवढ्यावर थांबणारी नव्हती. तवा तोच का? तेल तेच का? चिमटा? मुलीनं मॅनेजरला विचारलं. मघाशी माझ्याकडून ष शिकलेला मॅनेजर तोंड पाडून आला आणि अव्वाला काचेपाशी घेऊन गेला. हिरव्या पट्टीचा तवा वेगळा, लाल पट्टीचा वेगळा. अव्वानं पाय उंचावून दोन्ही पाहिले, हिरव्यावरच्या माणसाला लाल चिमटा लावू नको म्हणून बजावलं आणि परत आली. आठ महिन्यांत तिला कशाचीही एवढी पंचाईत करताना मी पाहिलं नव्हतं.

बर्गर आला. मुलीनं ताट खाली ठेवलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आजी, बेकन?" आता ती मुद्दाम विचारत होती.

"बेकु," अव्वा म्हणाली आणि हसली.

तिनं पाव उघडला, वास घेतला, आतला पांढरा सॉस बोटानं बाजूला केला आणि पिशवीतून स्टीलची डबी काढली. त्या डबीत शेंगाचटणी असते. लग्नाला, दवाखान्यात, बँकेत, अव्वा कुठंही गेली तरी ती डबी बरोबर असते; स्वतः खात नव्हती त्या आठ महिन्यांतही ती भरलेलीच होती, हे मला तेव्हा कळलं. तिनं टिक्कीवर चटणीचा थर दिला, पाव बंद केला आणि खायला लागली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं अर्धा संपवला, पाणी प्यायली, आणि मग उरलेला अर्धाही उचलला.

"कसा आहे, अम्मा?" फोटोग्राफरनं विचारलं.

"पाव गोड हाय. चहात बुडवायच्या लायकीचा. आतलं वडं बरं हाय, मीठ कमी. चटनी नसती तर काय खरं न्हवतं बघ." माझ्या चार वर्षांच्या लेखांत इतकं नेमकं परीक्षण एकही नसेल.

चटणीची डबी तिनं मुलीपुढे धरली. मुलीनं मॅनेजरकडे चोरून बघत चिमूटभर तोंडात टाकली.

आता मागे राहिले दोन बेकन बर्गर. एक माझा, एक अव्वाच्या नावावर आलेला. लेख तर लिहायचा होता. फोटोग्राफरनं आपल्याकडून कॅमेऱ्याची बॅग बंद केली. "मेरे कू नक्को, सर. अब तुम और तुम्हारा प्रीमियम." मी माझं ताट उचललं आणि हात धुवायच्या बेसिनकडे निघालो. तिथं एक खांब होता. पन्नाशीला टेकलेला माणूस, शाळेत मुलं मला बघून गप्प होतात, आणि मी आईपासून लपून खायला खांब शोधत होतो.

"तिकडं कुटं निगालास?" अव्वा मागं न बघता म्हणाली. "हितंच बस की. काम हाय तुजं. आन् कोल्हापुरात काय काय खात हुतास ते तुज्या अप्पाला ठावं हुतं. अप्पाला ठावं म्हंजे मला ठावं."

फोटोग्राफर इतका हसला की त्याला ठसका लागला. मी परत येऊन बसलो. अव्वानं आपली खुर्ची जराशी वळवून तोंड रस्त्याकडे केलं, एवढी एकच सवलत तिनं शिवाला आणि मला दिली.

तर परीक्षण. पाव मऊ, लोण्यानं चकाकणारा, आणि अव्वा म्हणाली तसा गोड. मधली मांसाची टिक्की जाड आणि रसाळ, कांदा मंद आचेवर तासभर परतून मधासारखा केलेला, चीज भरपूर. आणि बेकन. त्या पट्ट्या कडक भाकरीसारख्या मोडतात, मग तोंडात मीठ आणि चुलीचा धूर उतरतो. खरं सांगायचं तर छान होतं. प्रीमियम होतं की नाही ते मला सांगता येणार नाही; आमच्या घरात प्रीमियम म्हणजे विम्याचा हप्ता. दोन घास झाल्यावर मात्र मला शेंगाचटणीची आठवण झाली, आणि ती डबी टेबलावरच होती. मी हात पुढे केला तर अव्वानं रस्त्याकडे बघतच डबी पिशवीत टाकली. "त्याच्यावर न्हाय," ती म्हणाली. दुसरा बर्गर चिंचोळी एमआयडीसीतून शिफ्ट संपवून आलेल्या शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी आनंदानं घेतला.

परतताना रिक्षात घराच्या वळणावर अव्वा एवढंच म्हणाली, "पोरगी चांगली हाय." मला तिला बरंच सांगायचं होतं, पण ते सगळं कानडीत सांगावं लागलं असतं आणि तेवढी कानडी माझ्याकडे नव्हती. माझ्याकडे एक शब्द होता, आणि तोही आजवर कधी तोंडातून काढला नव्हता.

रविवारी लेख छापून आला. बायको माहेराहून परतली होती आणि तिनं पुन्हा एकदा हिय्या करून हुग्गी केली होती. वाटी भरून ती अव्वाच्या खोलीकडे निघाली तेव्हा मी म्हटलं, आण, मी देतो. बायकोनं माझ्याकडे नवल वाटून पाहिलं, कारण मी वाटी पाठीमागं धरली होती. तिला मी बर्गरची हकिगत सांगितली होती, पण हा बेत सांगितला नव्हता. अपयश आलं तर निदान एकट्याला यावं, असं वाटत होतं.

अव्वा पलंगावर बसून वाती वळत होती. मी दारात उभा राहिलो. हुग्गीच्या गुळाचा वास खोलीभर गेला होता, त्यामुळे पाठीमागं काय आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं.

"अव्वा," मी म्हणालो, "बेकन?"

तिचे हात थांबले. तिनं वर पाहिलं. मग हळूच म्हणाली, "एन?"

"मोदल हेळ."

ती हातातल्या वातीकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं. आता नको म्हणेल, नाहीतर ब्याड.

"बेकन न्हाय रे, मास्तर. बेकेन," ती म्हणाली. मग वाती बाजूला सारल्या आणि दोन्ही हात पुढे केले. "बेकु."